न गुंडाळलेली सतरंजी

दिगंबरमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी परभणीच्या कोर्टात तारखेसाठी थांबले होते. आदल्या रविवारीच त्यांच्या गावी, झरीला, त्यांना भेटून आले होते. त्यांनी एकच विचारलं, "स्वराचं काही कळलं का?" मी नाही म्हणाले... ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. महिना झाला, ते 'नाही' माझ्या मनातून जात नाही.

मामा शाळेतले गुरुजी. निवृत्तीनंतर गावोगावची नवरा-बायकोची भांडणं त्यांच्या बैठकीत यायची. तिथे खुर्च्या नव्हत्या, एक निळी सतरंजी होती. दोन्ही बाजूंनी तिच्यावरच बसायचं आणि भांडण मिटल्याशिवाय ती गुंडाळायची नाही, हा त्यांचा नियम. मामी कुरकुरत तिच्या कडेकडेनं झाडायची. मी वकील झाले तेव्हा मामा चिडवायचे, "तुमच्या कोर्टात वर्षं जात्यात, माझ्याकडं दोन चहात मिटतं."

प्रशांत त्यांचाच विद्यार्थी, कॅनडात नोकरीला. त्याची बायको मीना सात वर्षांच्या स्वराला घेऊन पालमला माहेरी आली आणि लेकरू कुणाकडे राहणार यावरून दोन घरं हमरीतुमरीवर आली. प्रशांत सुट्टी काढून आला, बैठक बसली. स्वरा सतरंजीच्या कोपऱ्यात स्केचपेननं चित्र काढत होती. ठरलं ते असं, की शाळा पालमला आणि उन्हाळ्याचे दोन महिने बापाकडे. प्रशांतनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. मी मामांना बाजूला घेऊन म्हणाले, आधी कोर्टाचा हुकूम घेऊ, मग पाठवू. ते चिडलेच. "बापाकडून कागद लिहून घ्यायचा का? माझ्या हाताखाली शिकलाय त्यो." वकील असून मी गप्प बसले. मीना एवढंच म्हणाली, "गुरुजी, तुमी म्हणता म्हणून धाडायले." मामांनी समाधानानं सतरंजी गुंडाळली.

जून आला, कॅनडाला गेलेली स्वरा परत आली नाही. तिचं नाव तिकडच्या शाळेत घातल्याचा प्रशांतचा निरोप तेवढा आला. मामांनी सतरंजी पुन्हा अंथरली. मीनासाठी तिकडं केलेल्या वकिलानं मला विचारलं, लेखी काय आहे? काहीच नव्हतं. त्यात दोन वर्षं गेली आणि आता तिथलं कोर्ट म्हणतं, मूल इथं रुळलंय. मध्ये एकदाच व्हिडिओ कॉल लागला. "वळखलंस का बाई मला?" मामांनी विचारलं. स्वरानं बाजूला कुणाकडे तरी बघितलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कोण... त्यानंतर भांडण घेऊन आलेल्यांना मामा दारातूनच परत पाठवायला लागले.

तेराव्याला कुणीतरी सतरंजी उचलायला घेतली. मामी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मिटलं न्हाई अजून." मीना आली होती. सतरंजीवरच्या स्केचपेनच्या डागाजवळ ती बसली. निघताना मला म्हणाली, "ताई, गुरुजींचं सोडा. तुमाला तर समदं ठावं होतं ना?"

तिची एसटी होती, ती गेली. हल्ली झरीला गेले की मी त्या सतरंजीवर बसत नाही. कडेला, फरशीवर बसते.