फळीवरच्या बातम्या

दसरा काढायचा, म्हणजे सणाआधी घर धुऊन-पुसून घ्यायचं, म्हणून त्या रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली उतरवले आणि फळ्यांवर अंथरलेले जुने पेपर काढून नेमके अण्णांच्या खुर्चीवर ठेवले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! रोजचा पेपर त्याच खुर्चीवर असतो आणि आंघोळ झाली की अण्णा, म्हणजे माझे वडील, तो उचलून वाचतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

फळीवरचे पेपर हा आम्हा बापलेकीचा जुना खेळ. अण्णा एसटीत कंडक्टर होते, बोलण्यात कुणाला हार जायचे नाहीत. डबा उचलला की खालची बातमी वाचायची आणि पुढं काय झालं असेल ते त्यांनी सांगायचं. ‘चोरट्यांनी मंदिराची घंटा लांबवली.’ अण्णा म्हणायचे, लांबवली खरी, पण घरात टांगल्याबरोबर शेजारचे हात जोडून आरतीला उभे! रोज शिरा करून करून चोराची बायको माहेरी निघून गेली. ‘शेंद्र्याच्या कारखान्यात बिबट्या शिरला’, तर म्हणे त्याला पहिली पाळी लावली, पण चार पायांचे बूट मिळेनात. ‘शहराला लवकरच रोज पाणी’ ही तर त्यांची लई लाडकी बातमी. रोज पाणी आलं तर नळाच्या दिवशी भांडणाऱ्या बायकांनी भांडायचं कधी, आणि गच्चीवरचे ड्रम कुणाच्या गळ्यात मारायचे? हसून हसून माझ्या हातातली डाळ सांडायची.

आई गेली आणि मग अण्णांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गोळ्या, मग जेवण झालं की नाही ते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे वाढत जाणार. त्या रविवारच्या आधी चार दिवस अण्णा मला नुसतं ‘बाई’ म्हणत होते. पहिल्यांदा वाटलं, चेष्टा करताहेत. मी कोण, असं मी त्यांना विचारलं नाही. खरं सांगते, भीती वाटायची. उत्तर आलंच नाही तर मी काय करणार होते?

डबे घासून बाहेर आले तर खुर्ची रिकामी, दार सताड उघडं, चपला नाहीत. पेपर फरशीवर पसरलेले. गल्ली पाहिली, विहारात पाहिलं. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, घाईत गेले, हाक मारली तरी थांबले नाहीत.

घरी फोन घ्यायला आले आणि ते पेपर पाहून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ह्यातली कुठली तरी बातमी अण्णांना आजचीच वाटली होती. आता कुठली, ते कसं कळावं? मग मी तिथंच फरशीवर बसून आयुष्यात पहिल्यांदा तो खेळ एकटीनं खेळले. ‘कन्नडच्या घाटात दरड कोसळली.’ कन्नडला आत्या राहते, म्हणजे अण्णा फावडं घेऊन बसस्टँडवर गेले असतील आणि फावड्याचं अर्धं तिकीट मागत असतील. ‘पडेगावात सिग्नल बंद, वाहनधारक त्रस्त.’ म्हणजे भर चौकात उभं राहून, शिट्टी मारून ट्रक पुढं काढताहेत, डबल बेल देताहेत. एरवी मी खोखो हसले असते. आता प्रत्येक बातमीच्या शेवटी मला एक भरधाव ट्रक दिसत होता आणि त्याच्यासमोर अण्णा.

एक पान मात्र नीट उभं दुमडलेलं होतं. अण्णाच तसं दुमडतात. ‘पेन्शनधारकांनो, हयातीचा दाखला द्या, आज शेवटचा दिवस.’ पेन्शन चालू ठेवायची तर वर्षातून एकदा बँकेत जाऊन आपण जिवंत आहोत हे सांगावं लागतं, त्याची बातमी. पेपर किती तरी वर्षांपूर्वीचा.

रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, जल्दी चलो. रविवार, बँक बंद. बंद शटरसमोरच्या पायरीवर अण्णा बसले होते, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. शेजारी म्हातारा वॉचमन. जीव भांड्यात पडला आणि मी ओरडलेच, सांगून जाता येत नाही का म्हणून. वॉचमन हळूच म्हणाला, ताई, रागावू नका, तासभर समजावतोय मी, पण ऐकत नाहीत.

अण्णा घाबरले होते. इतके घाबरलेले मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

“आज नाय दिला तर मी मेलो असं धरतेत,” ते वॉचमनला म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. “ह्या बाईला इचारा. ही वळखते मला.”

मी नुसती मान हलवली. वॉचमननं आम्हा दोघांकडे पाहिलं, आपल्या वहीचं एक पान फाडलं आणि लिहिलं, ‘सदर इसम हयात आहेत, आज समक्ष पाहिले.’ मला म्हणाला, साक्षीदार म्हणून सही करा आणि खाली नातं लिहा. मी सही केली. खाली लिहिलं, मुलगी.

अण्णांनी कागद घेतला आणि एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला. शेवटच्या शब्दावर बोट थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं.

“बरं झालं लिवून दिलंस,” ते म्हणाले. “चार दिवस झाले, मला इचारायची लाज वाटत व्हती.”