पंचगंगेत सोडलेली नळी

नव्वदच्या दशकात मी उंदरांना मुतवायचं काम करत होतो. कागदोपत्री त्याला संशोधन म्हणत. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात मणक्याला इजा केलेले पांढरे उंदीर असायचे. मागचे पाय लुळे, लघवी तुंबलेली. सकाळ-संध्याकाळ एकेकाला हातात घेऊन ओटीपोट अलगद दाबायचं, हा माझा अभ्यास. माझ्यासाठी मुली बघणं चालू होतं, पण मुलगा काय करतो, हे पाहुण्यांना कसं सांगायचं ते आईला काही सुचत नव्हतं.

काही दिवसांनी पिंजऱ्यातला भुसा आपोआप ओला व्हायचा. पहिल्यांदा मी आनंदानं सरांकडे पळालो. पुढं त्यांनी तोच उंदीर भूल देऊन उघडून दाखवला. लघवीच्या पिशवीचं खालचं तोंड आवळलेलंच, पिशवी मात्र मनाला येईल तशी आकसत होती. थोडं बाहेर सांडलं होतं, उरलेलं मागं किडनीवर चढलं होतं. किडन्या फुगून गेल्या होत्या.

त्याच सुमारास शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, उंचावरून पडले. कमरेखालचं अंग गेलं. दवाखान्यात अक्काला नळी घालून लघवी काढायला शिकवलं. तिच्या सासूनं नवस बोलला : लेकाला आपली आपण झाली की नळी पंचगंगेत सोडीन.

एका सकाळी अक्काचा दीर पेढे घेऊन दारात. "झाली की दादाला! आपोआप!"

मी तसाच अक्काच्या घरी गेलो. तिची म्हातारी सासू नुकतीच नदीच्या घाटावरून आली होती.

"घे पेढा. तुझ्या उंदरांस्नी बी ने दोन."

दाजी कितीतरी दिवसांनी हसत होते. चादर ओली होती. मला ओला भुसा दिसायला लागला.

"दाजी, थंडी वाजती का?"

"कालपास्नं जरा हुडहुडी भरतीया."

"पोटाला हात लावू?"

"मी काय उंदीर हाय व्हय?"

हात नुसता ठेवला. बेंबीखाली टणक, गोल गोळा. तळहाताच्या ओळखीचा, फक्त कितीतरी मोठा.

"अक्का, नळी कुठाय?"

"न्हाय रं. सकाळीच सोडली नदीत."

कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून नवी आणली. अक्कानं घातली. भांडं भरत गेलं, भरतच गेलं. गढूळ, उग्र वासाचं.

"आत्ताच तर झालती की त्येला!" म्हातारी म्हणाली. पेढ्यांवर माशा बसल्या.

दाजी त्या भांड्याकडं बघत होते. "पावणं, तुमच्या उंदरांचं पुढं काय व्हायचं?"

"रिक्षा आणतो. दवाखान्यात दाखवून येऊ," एवढंच म्हणून मी उठलो, घाईघाईनं दारातली पायताणं घातली आणि बाहेर पडलो. चौकात आल्यावर पायताणांची करकर ऐकू आली तेव्हा कळलं, ती दाजींची होती. ते उभे राहतील त्या दिवसासाठी अक्कानं तेल लावून दारात ठेवलेली.