आरशावरचा शब्द

जामखेडला माझी दाढी करणारा न्हावी रोज सकाळी पेपरातला एक अवघड इंग्रजी शब्द साबणाच्या फेसाने आरशाच्या कोपऱ्यात लिहितो आणि दिवसभर गिऱ्हाइकांवर वापरून बघतो. अर्थ विचारायचा तो मला, कारण मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर.

एकदा शब्द होता ‘ऑब्सिक्वियस’. मला तो येत नव्हता, पण मागच्या बाकड्यावर चार माणसं बसलेली. मी ठोकून दिलं, “अत्यंत नम्र.”

“झ्याक हाय, सर!” म्हणून त्याने तो पाठ केला. त्याच आठवड्यात शाळेच्या कार्यक्रमात पालकांच्या वतीने आभार मानताना पाहुण्या अधिकाऱ्यांबद्दल तो म्हणाला, “आपले साहेब लई ऑब्सिक्वियस हाएत.”

साहेब ताडकन उठले. “मला लाळघोट्या म्हणता? कुणी शिकवलं हे?”

मी पहिल्या रांगेत स्वतःचे बूट बघत बसलो. तो कान पकडून म्हणाला, “कुनी न्हाई, साहेब. माझंच वाचायला चुकलं.” गाव अजून त्याला त्यावरून चिडवतं. चूक माझी होती, हे आज लिहून टाकतो.

त्याने मला कधी जाब विचारला नाही. फक्त आता शब्द दाखवताना म्हणतो, “सर, म्हाईत असंल तरच सांगा हां.”

परवा मी पहिल्यांदाच म्हणालो, “नाही रे माहीत.”

त्याने वस्तरा ठेवला, त्या कार्यक्रमानंतर आणलेली जाड डिक्शनरी खणातून काढली आणि अर्ध्या दाढीतच माझ्या मांडीवर ठेवली. “बघा की मंग. मलाबी वाचून दावा.”