बाग नसलेल्या माणसाचं खत

ज्याच्याकडे तळहाताएवढीही माती नाही, त्यानं खत करावं की करू नये? मनात उत्तर ठरवा आणि मगच पुढे वाचा! भाषावार राज्यांच्या हद्दी नव्यानं ठरत होत्या, आपला आदिलाबाद जिल्हा कुणाकडे जाणार यावर इचोड्यातल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर हातघाई चालू होती. त्या धामधुमीत एकट्या माणसानं हा खताचा प्रश्न असा पेटवला, की आमच्या गल्लीला हद्दीचा विसर पडला. तो माणूस म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आमचे मावसोबा.

मावसोबा मूळचे नेरडीगोंड्याकडच्या खेड्यातले. इचोड्यात हमरस्त्याला त्यांचं दोर-कासऱ्यांचं दुकान होतं आणि वरच्या मजल्यावर भाड्याची एक खोली. पुढे गॅलरी, खाली डांबर आणि ट्रक. मावशीनं भाजीची देठं रस्त्यावर टाकली की हे कळवळायचे, ‘‘अवं, मातीचं खाणं डांबराला काऊन चारतं?’’ पुढाऱ्यांची भाषणं मी ढिगानं ऐकली आहेत, पत्रकं वाचतच वाढलो आहे. पण इतकं खरं वाक्य मला कुठल्याच पत्रकात सापडलं नाही. एकदा निर्मल गावच्या लग्नाहून सगळे पाहुणे पोरांसाठी लाकडी खेळणी घेऊन निघाले, आणि मावसोबा उष्ट्या पत्रावळींचं गाठोडं! बसच्या कंडक्टरनं नाक दाबून विचारलं, ‘‘चाचा, इसमें क्या है?’’ ‘‘खेत है. जरा गीला है.’’ ‘‘तो खेत का भी टिकट लगेगा!’’ मावसोबांनी ते आनंदानं काढलं.

पत्रावळी गॅलरीतल्या फुटक्या रांजणात गेल्या. त्यांच्यावर साली, चहाचा चोथा, राख. मावशीनं कपाळाला हात लावला. ‘‘अवो, वावर नाही, बाग नाही, तुळस हाये तं तीबी डब्यात! हे खत कोणाच्या डोक्यावर टाकता?’’ मावसोबा शांतपणे म्हणाले, ‘‘आधी होऊ तं दे. माती आपला धनी हुडकते.’’

पण शेतकऱ्याचा हात तो! ज्वारीची कणगी जशी बंद करतात, तसं त्यांनी रांजणाचं तोंड शेणानं घट्ट लिंपून टाकलं. ज्वारी टिकते हो तशी. साली टिकत नाहीत, सडतात. आठवड्यात असा वास सुटला, की खालच्या मजल्यावरचे घरमालक सेठ नाकाला उपरणं लावून वर आले. ‘‘काकाजी, दिवाली तक या तो ये मटका जाएगा, या आप.’’

खालच्या दुकानाची जागाही सेठचीच, खोली गेली तर तीही जाणार, आणि इचोड्यात दुसरा आसरा नव्हता. माझं रक्त उसळलं. मी म्हणालो, ‘‘मावसोबा, पत्रक काढू! भाडेकरूंचा हक्क!’’ ते म्हणाले, ‘‘काढ बापू. वाचून झालं का रांजणात टाकजो.’’ मावशीनं मात्र मुसळानं ते लिंपण फोडलं, बुडाला भोक पाडलं आणि ती पुटपुटली, ‘‘दम तं घेऊ द्या त्याले.’’ हळूहळू वास उतरला, पण सेठ काही बधेनात. अखेर मावसोबांनी मान खाली घातली. दिवाळी झाली की दुसऱ्या सकाळी रांजण कचऱ्याच्या गाडीवर घालून द्यायचा, असा फैसला झाला.

दिवाळीच्या संध्याकाळी मावशीनं उंबऱ्याशी, तुळशीशी, दुकानाशी पणत्या लावल्या. ताटात एक उरली. आमच्याकडे दिवाळीला घरामागच्या उकिरड्यावरही दिवा ठेवतात. जो वावराला पोसतो, त्याला अंधारात कसं ठेवायचं? मावशी म्हणाली, ‘‘गाव सोडल्यापासून हा दिवा दरसाल उरून राह्यला,’’ आणि तिनं तो रांजणाच्या काठावर ठेवला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. सेठची म्हातारी आई धापा टाकत वर आली. खाली रस्त्याकडच्या दारात पणती ठेवताना तिला वरचा दिवा दिसला होता. तेलुगूत ती काहीतरी म्हणाली. ‘आमच्या माहेरीही असाच लावायचो’, एवढं कळलं. मग पदराआडची आपली पणती काढून तिनं मावशीच्या पणतीशेजारी टेकवली. पाठोपाठ आलेल्या सेठनं दोन्ही पणत्या पाहिल्या आणि आईला हात देऊन खाली नेलं. आईचा दिवा कोण गाडीवर घालील? रांजण राहिला, खोली राहिली, आणि मी गॅलरीत अक्षरशः नाचलो!

पुढे हद्द आखली गेली. इचोडा तेलुगू राज्यात गेलं, मी कामासाठी नागपूरला आलो. निघताना मावसोबांनी काळ्याभोर खताची पुरचुंडी हातात दिली. ‘‘ने बापू. कोणत्याबी राज्यात एक कुंडी तं भेटन.’’ आता त्यांना कमी दिसतं. मावशी सांगते, रांजणात हात घालतात, मूठभर उचलतात, वास घेतात आणि विचारतात, ‘‘बापूची कुंडी लागली का?’’

लागली आहे, मावसोबा. माझ्याही खोलीला अंगण नाही. खिडकीत एक मिरची आहे.

म्हणून वाचकहो, आजच घरातलं एक फुटकं मडकं शोधा. बुडाला भोक पाडा, तोंड लिंपू नका, आणि संध्याकाळची देठं त्यात टाका. बागेची वाट बघू नका. दिवाळीत एक पणती मात्र त्याच्यासाठी राखून ठेवा.