दोन दात आन् एक गुंज

चिंधी फाटलीया, आतली गुंज न्हाय! पाळण्यात न्हाय, लुगड्यात न्हाय, आन् पोर आपलं माझ्याकडं बघून हसतंय, खालच्या दोन दातांनी.

दृष्ट लागू नये म्हणून ती लाल गुंज चिंधीत शिवून मीच त्याच्या मनगटाला बांधली व्हती. आठ महिन्यांचं लेकरू, दिसभर मनगट तोंडात.

तसंच काखेला मारलं आन् कळंबच्या गल्लीतनं पळत सुटले, शेजारच्या सोनारआबांकडं. ते गुंजा टाकूनच सोनं तोलायचे.

"आबा, पोरानं गुंज खाल्ली वं!"

"खाल्ली म्हंजी? चावली का गिळली?"

"मला काय ठावं!"

"पोरी, आक्खी गेली तर जशी गेली तशी येती. चावून फुटली तर इख हाय ते."

त्यांनी हिरडीवरनं बोट फिरवलं. पोर कचकन चावलं.

"आगागा! चावतंय की गं बेणं!"

आबा हसले आन् मला रडू फुटलं. मागनं सासूबाई धापा टाकत आल्या. "चावतंय कुठलं, सकाळधरनं नुसतं चघळतंय. गप बस."

मुंगी चावती, वहाण चावती, पोर अंगावर पिताना चावतं. रोज हा शब्द बोलायची मी, कधी थांबून बघितलं न्हाय. त्या दिशी चावणं आन् चघळणं, ह्या दोहोंच्या मधी माझं लेकरू पडलं व्हतं.

दुसऱ्या दिशी दुपारी गुंज आली. आक्खी, लालभडक, काळा डोळा तसाच. मी हात जोडले, कुणाला ते ठावं न्हाय.

सासूबाईंनी ती धुऊन माझ्या हातावर ठिवली. "पोटातनं जाऊन आली, आता हिच्यात बळ हाय. परत बांध."

"माहेरनं आले की बांधते," म्हणले.

माहेरी बारामतीला माझा चुलता शाळामास्तर. त्याला इचारलं, चावणं कुठनं आलं? म्हणला, संस्कृतातलं चर्व, त्याचं झिजून चावणं झालं; चव बी त्याच्याच घरातली असावी. मी तिसरीतनं शाळा सोडलेली, पर मनात आलं, किती आयांच्या, किती लेकरांच्या तोंडातनं शब्द आला, दातादातानं झिजत. आन् माझी गुंज न झिजता आली!

आता परत आलेय. सासूबाई सुई ओवून बसल्यात. पोराला वर दोन नवे दात आल्यात. माझ्या मुठीत गुंज.

बायांनो, तुमी बांधली असती का?