डब्यातलं मेण

बाबा गेल्यावर २०१४ साली आईला इकडे परदेशात, पापाटोएटोला आणलं, तेव्हा तिच्या बॅगेतून दोन किलो कापूस निघाला. वातींसाठी. इथे सगळं मिळतं हे तिला फोनवर दहादा सांगितलं होतं, पण ऐकेल ती आई कसली! आम्ही दोघं ऑफिसात, मुलगी शाळेत, आणि आई दिवसभर मागच्या पायरीवर उन्हाला बसून वाती वळायची. तेहतीस कोटी देवांना पुरतील एवढ्या वळल्या. जेवताना मात्र एक शब्द बोलायची नाही.

शेजारी एक गोरा म्हातारा एकटाच राहायचा, रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला. त्याच्याकडे पणजोबांची जाड नळीची रायफल होती, एका वेळी एकच काडतूस घेणारी. महिन्यातून एकदा तो ती घेऊन हजार यार्डांवरच्या निशाणावर नेम धरायला जायचा. तिच्या बोटाएवढ्या शिशाच्या गोळीभोवती पातळ ओला कागद बरोबर दोन वेढे गुंडाळावा लागतो. कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत, पण एकीवर एक चढता कामा नये. म्हाताऱ्याची बोटं संधिवातानं वाकडी झालेली. कुंपणावरून त्यानं आईचे हात पाहिले, आणि एका शनिवारी कागद आणि गोळ्या घेऊन दारात उभा राहिला.

"हे कुणाला मारायला रे?" आईनं मला विचारलं.

"कुणाला नाही. चौकटीवर ताणलेल्या कागदाला."

"मग आण इकडे."

पहिलीच गोळी तिनं अशी वळली की म्हातारा भिंग लावून बघत राहिला. "युअर मम्स अ नॅचरल, मेट," मला म्हणाला. मग रोज दुपारी आई त्याच्या गराजमध्ये. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी, त्यामुळे भांडणाचा प्रश्नच नव्हता. रात्री जेवताना ती सांगायला लागली, "आज चाळीस झाल्या."

दुसऱ्या शनिवारी तिला बोलवायला गेलो, तर म्हातारा वाळलेल्या कागदावर वंगण चोळत होता. पत्र्याच्या डब्यात काहीतरी पिवळट होतं. सहज विचारलं, तर म्हणाला, "मेण आणि बीफ फॅट. आजोबांची रेसिपी."

मी स्वतः माउंट वेलिंग्टनच्या ऑफिसात दुपारी बिनदिक्कत गोमांसाच्या खिम्याचा मिन्स पाय हाणायचो, पण आईचं तसं नव्हतं. सांगितलं असतं तर ती त्या गराजची पायरी पुन्हा चढली नसती. पुन्हा ती मागची पायरी, पुन्हा तो कापूस. आई फक्त कागदच गुंडाळते, वंगणाला हात लावत नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढच्या बुधवारी गुडघा दुखतो म्हणून ती गेली नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना तिनं विचारलं, "त्या डब्यात काय असतं रे?"

"मेण."

"नुसतं?"

"हो. मधमाशांचं."

"बरं," म्हणाली आणि तव्यावरची पोळी उतरवून माझ्या ताटात वाढली.

पुढे ती वंगणही चोळू लागली. मी पाहिलं आणि मान वळवली. त्याच हातांनी ती देवांना आंघोळ घालायची, नातीला घास भरवायची. बायको कुरकुरायची, "तूप कढवते आणि आठवड्यात बरणी रिकामी!" मी म्हणायचो, देवापुढे जास्त दिवे लावत असेल.

एकदा म्हातारा आम्हाला रेंजवर घेऊन गेला. आईनं कानावर हात ठेवले. धडाड झालं, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आणि बऱ्याच वेळानं लांबवर निशाण खाली जाऊन वर आलं. मधोमध खूण होती. म्हातारा लहान पोरासारखा हसला. गोळीबार थांबल्यावर आईनं गवतातून कागदाच्या चिंध्या वेचल्या. नळीतून बाहेर पडता पडताच तो फाटतो.

"एवढं नीट वळून शेवटी चिंध्याच," मी म्हटलं.

"वात तरी कुठे उरते?" आई म्हणाली.

२०१८च्या हिवाळ्यात तिच्या हृदयानं हात टेकले. हॉस्पिटलमध्ये चार दिवस तिचे हात हातात घेऊन बसलो होतो. रोज ठरवायचो, आज सांगून माफी मागायची. धीर झाला नाही. ती गेली.

पंधरा दिवसांनी म्हातारा आला. हातात आमच्याच स्वयंपाकघरातली एक बरणी होती, तळाशी थोडं तूप.

"हे तुमचं," तो म्हणाला. "फार चांगलं वंगण. चार वर्षं मी दुसरं वापरलंच नाही."

हे तुमच्याकडे कसं, मी विचारलं. तेव्हा त्यानं सांगितलं. अगदी सुरुवातीला, एका मंगळवारी, आईनं त्याचा डबा हुंगला होता. मग दोन बोटं डोक्यावर शिंगांसारखी धरून त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली. ती उठली, नळाखाली खूप वेळ हात धूत राहिली आणि घरी गेली.

"दुसऱ्या दिवशी आली नाही. मला वाटलं, संपलं. तिसऱ्या दिवशी ही बरणी घेऊन हजर! तुला सांगितलं असेलच."

मी हो म्हणालो. पुन्हा खोटंच.

दुसरा दिवस म्हणजे तो बुधवार. तिला सगळं माहीत होतं, तरी तिनं मला विचारलं. मी मेण म्हणालो, आणि तिनं माझ्या ताटात गरम पोळी वाढली.