शर्टाच्या गुंड्यांचे ओरखडे

बाबांचं मॅन्डोलिन मी आठवीत असताना पाडलं. हर्सूलच्या घरात, भर दुपारी, हात लावू नको असं बजावलेलं असताना. भोपळ्यासारख्या त्या गोल पाठीच्या दोन फाकी उघड्या पडल्या. बाबांनी ते उचलून नुसतं पिशवीत ठेवलं. एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. त्याच जूनमध्ये मी वसतिगृहात गेले. पुढं सुट्टीला आले की ते पिशवीत, कपाटावर. चौदा एप्रिलला जयंतीच्या गाण्यांना साथ करणारा माणूस माझ्यामुळं वाजवायचा थांबला, हे मी चाळीस वर्षं मनात घेऊन बसले. विचारायची हिंमत नव्हती.

बाबा गेल्यावर ते गुलमंडीत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या चाचांकडं नेलं. चाचांनी आधी हातच लावला नाही, नुसते बघत राहिले. मग टॉर्च लावून दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला आरसा तारांखालच्या भोकातून आत घातला. लेबल कधीच झडलेलं.

"तरी इटलीचं असणार," ते म्हणाले. "फाकी बघा कशा अरुंद. अन् तबली, ही वरची फळी, तारांच्या घोडीमागं मुद्दाम मुडपलीय, हे त्यांचंच काम. शंभर वर्षांच्या पुढं-मागं." मग आवाज खाली आला. "अन् हे कुणी केलं?"

आरशात निळ्या कापडाची पट्टी दिसली. फुटलेल्या फाकींवर आतून चिकटवलेली, एकही सुरकुती नाही. त्या भोकातून माझी तीन बोटं जात नव्हती. बाबांनी हे कशानं, किती दिवस खपून केलं असेल?

"जोड लई पक्का हाय. यानं नाय बिघडलं. गिटारच्या जाड तारा लावल्यात ना, त्यांच्या ताणानं तबली बसली."

ढोलकीपुढं आवाज पोचावा म्हणून बाबांनीच लावल्या असणार. मी विचारलं, "म्हणजे मी पाडल्यावरही ते वाजत होतं?"

चाचांनी मॅन्डोलिनची पाठ दाराच्या उजेडाकडं वळवली. पॉलिशवर बारीक ओरखडे होते, एकाखाली एक. "शर्टाच्या गुंड्या. पोटाशी धरून वाजवलं की पडतात." फटीत भरलेल्या लाखेवरून त्यांनी नख फिरवलं. ओरखडे लाखेवरूनही तसेच गेले होते. "लाख भरल्यावरचे हायत हे, ताई. लई वर्षं वाजवलंय त्यांनी."

लाकूड इतकं सांगतं, हे मला माहीतच नव्हतं. घरी येऊन मी आईवर उखडलेच.

"वाजवायचे की, रोज," आई म्हणाली. "पहिल्या सुट्टीत तुला ते खाटेवर दिसलं अन् दोन दिवस तू जेवली नाय. तवापासून तू यायच्या आदल्या दिवशी वर ठेवायचे. लेकराला त्रास नको म्हणले. शिकून परत आलीस तवर तबली बसली होती, वाजेनासं झालं होतं."

मी त्या दिवशी पोटभर रडले.

पंधरा दिवसांनी चाचांनी तबली उचलून, बारीक तारा चढवून मॅन्डोलिन समोर ठेवलं. "पाठीला पॉलिश मारू? ओरखडे जातील."

"नको!" मी जवळजवळ ओरडलेच.

मला वाजवता येत नाही. तरी ते पोटाशी धरलं आणि एक तार छेडली. आठवीनंतर पहिल्यांदाच मी तो आवाज ऐकत होते.